बिरूनानांचा पैरा

बिरूनाना कुठल्याही मैदानावर आले की आधी चपला काढत. कुणाला वाटावं, गडी देवभोळा आहे. तसं काही नव्हतं. चपला कडेला ठेवून ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचे आणि पायाला खडा लागला की वाकून उचलायचे. खडे सदऱ्याच्या खिशात जायचे. अर्ध्या तासात खिसा लोंबायला लागायचा आणि सदरा एका खांद्याकडून ओढला जायचा. तशा वाकड्या सदऱ्यातच मला नाना कायम आठवतात.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते शाळेच्या खिडकीतून. कवठे महांकाळच्या आमच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका. शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर मी एक छोटी संस्था चालवत होते, अजूनही चालवते. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलींना खो-खो शिकवायचा, एवढाच तिचा उद्योग. मुलगी मैदानावर येते आहे तोवर तिच्या लग्नाचा विषय जरा मागे पडतो, हे मला अनुभवाने कळलं होतं. पण मुली टिकायच्या नाहीत. द्राक्षाची विरळणी आली की चार मजुरीला जाऊन कमी व्हायच्या, लग्नसराईत आणखी दोन. अशा दिवसांत एक लेंगा-सदऱ्यातला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला अनोळखी म्हातारा मैदानात खडे वेचताना दिसल्यावर मी तरातरा बाहेर गेले.

"कोण पाहिजे?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"तुमच्या पोरी अनवानी पळत्यात न्हवं, बाई?"

"हो. मग?"

"मग खडं कोन येचायचं?"

  खडे वेचून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक दोरी काढली. जाडसर सुताची, जागोजाग गाठी मारलेली, प्रत्येक गाठीत वेगळ्या रंगाची चिंधी. लाल चिंधी खांबाची, हिरवी आडव्या पाटीची, निळी कडेच्या रेषेची. टेपला हात न लावता त्यांनी तासाभरात माझं अख्खं मैदान आखलं, चुन्याची फक्की मारली आणि हात झटकले. माझा टेपवर विश्वास. ते चहा पीत असताना मी गुपचूप मोजून पाहिलं. बोटभरही फरक नव्हता. नानांनी ते पाहिलं होतं, कारण जाताना म्हणाले, "टेप चांगली हाय. जपून ठेवा."

नाना म्हसवडजवळच्या वाडीतले. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. त्या फिरतीत गावोगावची मैदानं आणि माळ त्यांच्या पायाखालून गेले होते. कधीतरी एका यात्रेत खो-खोचा सामना पाहिला आणि वेड लागलं. स्वतः फारसे खेळले नाहीत, पण मैदान आखायला शिकले. मग शेती सांभाळून सातारा-सांगलीत कुठेही सामने असले की नाना फक्कीचं पोतं घेऊन हजर. म्हसवडला त्यांच्या स्वतःच्याही आठ-नऊ मुली होत्या, माणगंगेच्या काठच्या माळावर पळणाऱ्या. संस्था-बिंस्था काही नव्हती. नोंदणी करा म्हटलं तर म्हणायचे, "पोरींची नावं मला पाठ हायत. आनि कसली नोंद?"

त्या पहिल्या दिवशी चहा संपल्यावर त्यांनी खरा विषय काढला. "तुमच्यात पोरी किती?"

"अकरा. कधी सात."

"माझ्यात आठ. लोनंदला एक जाधव सर हायत, कारखान्यातली पाळी सपली की पोरं घिऊन फुटबॉल शिकिवत्यात. त्येंच्यात पाच पोरी अशा पळत्यात, बगत ऱ्हावं. तिगांचं मिळून टीम हुतीया, बाई. येकट्याचं कुनाचंच हुत न्हाई."

"पण कोण कुणाकडे येणार? खर्च कोण करणार? नाव कुणाचं लावायचं?" मी एकामागून एक विचारलं. संस्था चालवणाऱ्या माणसाला असे प्रश्न झोपेतही पडतात.

"पैरा करू," नाना म्हणाले.

आमच्या भागात शेतात पैरा असतो. आज माझ्या रानात तुम्ही तण भांगलायला यायचं, उद्या तुमच्या रानात मी. त्याला मजुरी नाही आणि उपकारही नाहीत. मात्र पैरा चुकवला की त्या घराच्या बांधावर पुन्हा कुणी पाय ठेवत नाही. नानांनी हा शेतातला व्यवहार मैदानावर आणला. जाधव सरांनी महिन्यातून एकदा म्हसवडला आणि माझ्याकडे येऊन मुलींचा दम वाढवणारे व्यायाम घ्यायचे. नानांनी तिन्ही मैदानं आखायची आणि पळतीचे डाव शिकवायचे. मी काय करायचं, हे मात्र नानांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

"तुमी बाईमानूस. आमा दोगांला जे जमत न्हाई ते तुमी करायचं. महिन्यातला येक रविवार म्हसवडला यायचं आन पोरींच्या आयांपाशी बसायचं."

"बसून काय बोलायचं?"

"बोलायचं न्हाई. आदी चा प्यायचा. बोलायचं मागनं."

मला हे पटलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी एका घरात शिरल्या शिरल्या मुलींचं शिक्षण, आरोग्य, आत्मविश्वास यावर असं काही बोलले की त्या बाई पदर सावरून भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. नाना दारात उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाषान बेस झालं. आता फुडच्या घरात चा पिऊया." पुढच्या घरी मी गप्प बसले. चहा झाला, पाऊसपाणी झालं, मेंढरं झाली. उठता उठता त्या घरातली आई आपणहून म्हणाली, "न्या पोरीला. पर माघारी तुमी सोडायची." ती आई सुगंधाची.

सुगंधासारखी पळणारी मुलगी मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. खांबाला वळसा घालताना तिचा तळवा जमिनीला टेकतो की नाही असं वाटायचं. तिघांच्या मिळून झालेल्या टीमचा सगळा भार तिच्यावर. टीमचे शर्टसुद्धा नानांनीच आणले, भंडाऱ्यासारखे पिवळेधमक, मागे नुसते आकडे. मला ते आवडले नव्हते. निदान छोट्या अक्षरात तिन्ही संस्थांची नावं घालू, असं मी दोनदा सुचवलं.

"नाव घाटलं की भांडान घाटलं," नाना म्हणाले. "कुनाचं वर, कुनाचं खाली? पोरी पळत्यात ते दिसतंय न्हवं, बास."

बघता बघता पैऱ्यात आणखी माणसं आली. विट्याला कुस्तीच्या तालमीतून व्यसन सोडवणारे एक वस्ताद, तासगावला मुलींचे गुडघे तपासणारी एक डॉक्टरीण, जतला कबड्डी घेणारे दोघे भाऊ. सगळ्यांना गाठलं ते नानांनीच. कुणाला काही लागलं की नानांच्या बटणाच्या फोनवर फोन जायचा आणि दोन दिवसांत ते कुठून तरी यायचं.

मग साताऱ्याला एक बैठक झाली. खेळातून समाजाचं काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र यावं, एकमेकांशी जोडून घ्यावं, म्हणून एका हॉलमध्ये आम्हाला बोलावलं होतं. गळ्यात अडकवायला नावाच्या पट्ट्या, पडद्यावर गोल आणि गोलांना जोडणारे बाण. नेटवर्क, प्लॅटफॉर्म, भागीदारी असे शब्द दुपारपर्यंत हॉलभर फिरत होते. जेवणाआधी कुणीतरी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. नाना उठले. 

"मला गोल काय कळलं न्हाईत," ते म्हणाले. "माझं म्हननं येवढंच, परतेकानं उठून दोन गोष्टी सांगाव्या. आपल्यात काय जास्त हाय आन काय कमी पडतंय. तिसरी सांगू नगा, जेवान थंड हुतंय."

लोक हसले, पण उठले. एकाकडे खो-खोचे खांब पडून होते, दुसऱ्याकडे मुलं होती आणि खांब नव्हते, आणि ते दोघे सकाळपासून एकाच बाकावर शेजारी बसलेले होते. वीस मिनिटांत जेवढं काम झालं तेवढं आधी तीन तासांत झालं नव्हतं. कुणीही लिहून घेतलं नाही. नाना ऐकत होते ना, मग झालं. त्या दिवशी एक व्हॉट्सॲप ग्रुप मात्र निघाला. त्यावर रोज सकाळी फुलं यायची. नानांच्या फोनवर व्हॉट्सॲपच नव्हतं, त्यामुळे जोडणारा एकच माणूस, आणि तो सोडून बाकी सगळे त्या ग्रुपवर.

त्या बैठकीतच पुण्याच्या एका मोठ्या संस्थेच्या मंडळींनी माझं काम पाहायला येतो असं कळवलं. त्यांना एका तालुक्यात मुलींसाठी कायमचं केंद्र उभं करायचं होतं. मी हुरळले, हे कबूल करते. त्यांनी दिलेला रविवार नेमका माझा म्हसवडचा रविवार होता. विरळणीचे दिवस, माझ्याकडे मुली जेमतेम सहा. मी नानांना फोन केला.

"नाना, या रविवारी मला यायला जमणार नाही. उलट तुमच्याच मुली इकडे घेऊन याल का? मैदान भरलेलं दिसायला हवं."

 नाना म्हणाले, "आनतो की. पर बाई, या रविवारी सुगंधाच्या घरात बसायचं हाय. तिला अठरा भरून तीन आठवडं झाल्यात. पाव्हनं यायचं चाललंय. तिची आय म्हनली, बाई आल्या तर मी मालकांपुढं तोंड उघडीन."

"पुढच्या रविवारी नक्की येते, नाना. एकाच आठवड्याचा प्रश्न आहे."

"बरं," नाना म्हणाले.

रविवारी ते दोन गाड्या बदलून सात मुली घेऊन आले. सुगंधा त्यांच्यात नव्हती. मी मुलींना माझ्या संस्थेचे शर्ट दिले, छातीवर ठळक नाव असलेले. पिवळे शर्ट पिशवीतच राहिले. पाहुण्यांनी फोटो काढले, मुलींनी डाव दाखवले, मी भाषण केलं. नाना फक्कीची रेषा पुन्हा ठळक करत कडेला वाकलेले होते. जाताना एका मुलीच्या छातीवरचं नाव त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "कापडं चांगली हायती."

पुढच्या रविवारी मी म्हसवडला गेले. सुपारी फुटलेली होती. मी ज्या दिवशी फोटोसाठी उभी होते त्याच दिवशी, दुपारी. सुगंधाची आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही आणि चहा ठेवला नाही. मी दारातूनच परतले. नाना फाट्यापर्यंत सोडायला आले. पुण्याच्या मंडळींनी पुढे दुसराच तालुका निवडला, पण ते झालं नसतं तरी माझी लाज कमी झाली नसती.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? नाना रागावलेच नाहीत. पूर्वीसारखेच येत राहिले, चपला काढून खडे वेचत राहिले, माझं मैदान आखत राहिले. मी त्यांच्या बोलण्याची वाट पाहायची. एखाद्याने तोंडावर चार शब्द सुनावले की निदान त्या रात्री झोप लागते. नानांनी ते सुख मला दिलं नाही. सुगंधाच्या घराचं दार मात्र मी पुन्हा वाजवलं नाही. म्हसवडला गेले तरी ती गल्ली टाळून जायची.

दोन वर्षांनी नानांची मूत्रपिंडं गेली. सांगलीला आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला आणायचे. मी भेटायला जायची. हाताला नळ्या लागलेल्या, पाय सुजलेले, तरी पहिला प्रश्न ठरलेला, "पोरी किती आल्या?" एकदा मला म्हणाले, "कागूद हाय का? ल्ह्या."

माझ्या पर्समध्ये शाळेच्या हजेरीचा एक कोरा तक्ता होता. त्यावर मी लिहायला लागले. जतच्या भावांकडं दोन खांब. विट्याच्या वस्तादांकडं आखाड्याची माती, पण मुलींना आत घेत नाहीत, त्यांच्या बायकोशी बोलायचं. तासगावच्या डॉक्टरीणबाई शनिवारी मोकळ्या. लोणंदच्या सरांची पाळी बदलली. तक्त्याच्या दोन्ही बाजू भरल्या. एवढं सगळं एका डोक्यात राहत होतं आणि आम्ही शिकलेल्यांनी कधी एक ओळ लिहून घेतली नव्हती.

"ह्यास्नी येकमेकांची वळख करून द्या," नाना म्हणाले. "समद्यांला मी वळखतो, पर त्ये येकमेकाला वळखत न्हाईत. मला वाटायचं, मी हाय की मदी. चुकलं माझं, बाई. मदी हुबा ऱ्हायलो."

त्यांच्या तोंडून 'चुकलं' ऐकलं आणि माझा बांध फुटला. "चूक माझी आहे, नाना. त्या रविवारी मी यायला हवं होतं. तुम्ही मला एकदा तरी बोलायचं होतं."

 "बोललो असतो तर फिटलं असतं," ते म्हणाले. "तुमाला वाटलं असतं, म्हातारा बोलला, झालं आता. पैरा बोलून फिटत न्हाई, बाई. तितं जाऊन बसावं लागतंय."

ती आमची शेवटची भेट. पुढच्या आठवड्यात सकाळी ग्रुपवर फुलांच्या चित्रांमध्ये बातमी आली. टाकणाऱ्याचं नाव माझ्या फोनमध्ये नव्हतं, नुसता नंबर. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

सावडायच्या दिवशी मी म्हसवडला गेले. माणगंगेच्या कोरड्या पात्रात माणसंच माणसं. गावची आणि भावकीची एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आम्ही, कुठकुठून आलेले, एकमेकांपासून चार-चार हात अंतर ठेवून उभे. जाधव सर तेवढे माझ्या ओळखीचे. शेजारच्या दणकट माणसाला मी विचारलं, "आपण कुठले?" तो म्हणाला, "विट्याचा. नानांमुळं आलो. तुम्ही?" मी म्हटलं, "मीही." साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये आम्ही दिवसभर एकत्र होतो, तरी कुणी कुणाचा चेहरा लक्षात ठेवला नव्हता.

विधी उरकल्यावर मी पर्समधून तो तक्ता काढला आणि मोठ्याने वाचायला लागले. वर्गात हजेरी घेते तसं. जत, विटा, तासगाव, लोणंद. कुणाकडे काय जास्त, कुणाला काय कमी. नाव आलं की माणूस हात वर करायचा. वस्तादांचं नाव आलं तेव्हा तो दणकट माणूस हात वर करून लहान मुलासारखा रडायला लागला. शेवटचं नाव माझं होतं. नानांनी सांगितलं तसं मीच माझ्या हाताने लिहिलेलं: कवठ्याच्या बाई, आयांपाशी बसायचं काम. मी तेही वाचलं. हात वर करायला मात्र मला वेळ लागला.

माणसं पांगू लागली तेव्हा नानांच्या पत्नीने, नानींनी, मला हाक मारून त्यांची दोरी हातात दिली. चिंध्यांचे रंग उडाले होते. तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई समोर आली. पाय पाहून ओळखलं, चेहऱ्यावरून ओळखली नसती. सुगंधा.

"बरी हाईस ना?" माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघालं.

"बरी हाय." ती मुलाचं टोपडं नीट करत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या रविवारी आयनं तुमच्यासाटनं चा ठिवला हुता. पाव्हनं आलं तरी दोनदा गरम केला. दारात उबी ऱ्हाऊन वाट बगत हुती."

 तिचा सूर रागाचा नव्हता आणि तेच मला सोसवेना.

"धाकटी बारावीला हाय," ती पुढे म्हणाली. "पिवळा शर्ट घालून माळावं जाती. फुडल्या महिन्यात अठरा भरत्यात. मागनी आलीया. आय येकटीच पडलीया बगा."

"बैठक कधी आहे?"

"रविवारी."

त्या रविवारी शाळेची सहविचार सभा होती. मी मुख्याध्यापकांना येत नाही म्हणून सांगितलं आणि कारण दिलं नाही. पहिल्या गाडीने निघून म्हसवडला उतरले. आधी माळावर गेले, चपला काढल्या. मैदान नाना गेल्यापासून तसंच होतं, रेषा वाऱ्याने पुसलेल्या. खडे बरेच होते. जमेल तेवढे वेचले आणि सदऱ्याला असतो तसा खिसा साडीला नसतो म्हणून पदरात घेतले, बांधाकडेला टाकले. मग ती टाळलेली गल्ली चालत गेले.

दार उघडं होतं. सुगंधाची आई उंबऱ्यातच बसलेली होती. तिने मला पाहिलं, पायांपासून वरपर्यंत, आणि उठून आत वाट दिली.

"लय उशीर केलासा, बाई," ती म्हणाली.

मी आत जाऊन जमिनीवर बसले. सांगण्यासारखं पोटात पुष्कळ साचलं होतं, माफी मागायची होती, पाहुणे यायच्या आत मुलीबद्दल बोलायचं होतं. चुलीवर तिने पातेलं ठेवलं. मी गप्प बसले. चहा येईपर्यंत बोलायचं नव्हतं.